तुमचं स्टेटस काय?

अमेरिकेतल्या आमच्या पहिल्या अपार्टमेंटच्या मालकाने डिपॉझिट परत दिलं नाही. आठशे डॉलर. २००६ साली आमच्या महिन्याच्या हिशोबात ही रक्कम चांगलीच मोठी होती. कार्पेट खराब केलंत, असं त्याचं म्हणणं. घर सोडायच्या आदल्या दिवशी मी स्वतः गुडघे टेकून ते कार्पेट घासलं होतं, प्रत्येक खोलीचे फोटो काढले होते. तो खोटं बोलतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तेव्हा माझे दिवस सार्वजनिक वाचनालयात जायचे. तिथल्या ग्रंथपाल बाईंच्या कानावर मी हे घातलं, तर त्यांनी लगेच स्मॉल क्लेम्स कोर्टाची माहितीपुस्तिका काढून दिली. वकील लागत नाही, फी थोडी, आपली बाजू आपणच मांडायची. सोबतचा अर्ज मी तिथेच बसून भरला. नाव, पत्ता, रक्कम, काय घडलं. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला, कारण एका प्रश्नाची मी वाट बघत होते आणि तो कुठेच नव्हता. तुम्ही या देशात कोणत्या व्हिसावर आहात, असं त्या अर्जात कुणीच विचारलेलं नव्हतं.

तरीही तो अर्ज मी दिला नाही. घरी येऊन कागदपत्रांच्या फाइलमध्ये, लग्नाच्या दाखल्याच्या मागे ठेवून दिला. "ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे, कशाला कोर्टाची भानगड," नवरा म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटत होती. कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आपल्या नावापुढे काहीतरी नोंद होईल आणि चार वर्षांनी एखादा अधिकारी ती वाचून दाखवेल, अशी.

भारतीय माणसं अमेरिकेत भेटली की गाव, आडनाव, नोकरी झाल्यावर पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो: तुमचं स्टेटस काय? म्हणजे, या देशात कोणत्या कागदावर राहता? एच-वनवर आहोत. लेबर फाइल झालंय. आय-१४० आलं. प्रायॉरिटी डेट अमुक. डेट करंट झाली की सुटलो. एच-वन म्हणजे नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा, लेबर आणि आय-१४० हे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचे टप्पे, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेतली आपली जागा, आणि ती करंट झाली म्हणजे आपला नंबर लागला. या भाषेत एकमेकांची सुखदुःखं कळतात. कुणाचं मूल एकवीस वर्षांचं व्हायच्या आत डेट येईल का, हे अख्ख्या ग्रुपला माहीत असतं, कारण एकवीस पूर्ण झाली की कायद्याने ते आई-वडिलांवर अवलंबून असलेलं 'मूल' राहत नाही आणि त्याची रांग वेगळी होते. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. देश लहान असो की मोठा, टक्केवारी तीच. भारताची रांग त्यामुळेच इतकी लांबलेली.

मी २००४ च्या जानेवारीत एच-४ वर आले. एच-४ म्हणजे एच-वनवाल्याची बायको किंवा मूल. भारतात मी पाच वर्षं नोकरी केलेली होती. इथे मला काम करायची परवानगी नव्हती. सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नव्हता. बँकेत खातं नवऱ्याबरोबर, फोन नवऱ्याच्या नावावर, आणि ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत बरोबर त्या दिवशी संपणारी, ज्या दिवशी आय-९४ वरची तारीख संपते. आय-९४ म्हणजे विमानतळावर पासपोर्टात टाचून दिलेला पांढरा, पुठ्ठ्यासारखा तुकडा. त्यावर पेनाने तारीख लिहिलेली असायची. माझा देशातला सगळा वावर त्या हाताने लिहिलेल्या तारखेवर उभा होता. फॉर्मवर माझ्यासाठी एकच शब्द असे: डिपेंडंट. नवऱ्याने कधी एका शब्दाने मला तसं वागवलं नाही, हे इथे नमूद करायलाच हवं. पण घरातल्या चांगल्या माणसाच्या स्वभावावर एखाद्या बाईचं सगळं अवलंबून असावं, हा कायदा मला तेव्हाही चूक वाटत होता आणि आजही वाटतो. आमच्यासारख्या कित्येक जणींच्या घरातला माणूस चांगला नव्हता. २०१५ च्या मे महिन्यापासून एच-४ वरच्या काही जणींना, ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला आहे अशांना, कामाचा परवाना मिळू लागला. माझ्या वाट्याला ते आलं नाही. माझी सुटका वेगळ्या वाटेने झाली.

२००७ च्या जूनमध्ये सरकारी बुलेटिन निघालं: जुलै महिन्यात नोकरीवाल्या जवळजवळ सगळ्या गटांच्या डेट करंट. म्हणजे ज्याचा त्याने ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज भरावा. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात एकच धावपळ. एक्स-रे, लसींच्या नोंदी, जन्मदाखल्याऐवजी आई-वडिलांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं भारतातून कुरियरने. आणि २ जुलैला, अर्जांची पाकिटं वाटेत असतानाच, सरकारने ते मागे घेतलं. त्या वर्षीच्या ग्रीन कार्डांचा आकडा संपला म्हणे. लोकांनी काय करावं? त्यांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावे फुलं पाठवली. गांधीगिरी. आम्हीही एक गुच्छ पाठवला, इंटरनेटवरून, क्रेडिट कार्डावर. संचालकांनी ती फुलं वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवायला सांगितलं. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि महिनाभर अर्ज घेतले.

ती फुलं मला नंतर फार दिवस आठवत राहिली. ती कल्पना सुंदर होती, त्या लोकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण राग व्यक्त करायला आमच्याकडे सुरक्षित असं तेवढंच होतं, हेही खरं.

त्या अर्जाच्या पोटात मला कामाचा परवाना मिळाला आणि ऑक्टोबरात मी नोकरीला लागले. पहिल्या पगाराची पावती मी जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी मंदी आली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू कुटुंबातल्या माणसाची नोकरी गेली. आता एच-वनवाल्याला नोकरी सुटल्यावर साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळू शकते, ती २०१७ पासून. तेव्हा नियमात एवढीही मुदत नव्हती. नवव्या दिवशी ती मंडळी घर रिकामं करून गेली. बाळाचा पाळणा आमच्या दाराशी उभा करून ठेवला होता, त्यावर चिठ्ठी: कुणाला हवा असेल तर द्या. पाळण्याच्या गादीवर चादर घडी घालून ठेवलेली होती, धुतलेली.

२०१२ च्या जानेवारीत ग्रीन कार्ड आलं. पुढची काही वर्षं मला वाटलं, संपलं हे प्रकरण. नोकरी बदला, धंदा करा, मालकाच्या मर्जीवर इथलं राहणं अवलंबून नाही. मग २०१५ च्या पावसाळ्यात बाबांची बायपास झाली. मी रजा काढून गेले, रजा वाढवली, बिनपगारी केली. बाबा बरे होत होते, पण आई एकटीला ते झेपेना. आणि मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने दिवस मोजत होते. ग्रीन कार्डवाला वर्षभर बाहेर राहिला तर कार्डावरच पाणी सोडायची वेळ येते. सहा महिन्यांहून जास्त राहिला तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याला बाधा येते आणि ते सलग होतं हे आपण सिद्ध करायचं. आईने एकदा विचारलं, "हे काय मांडून ठेवलंयस?" मी म्हटलं, दुधाचा हिशोब. एकशे एकाहत्तराव्या दिवशी मी परत विमानात बसले. बाबा जिन्यापर्यंत आले होते, काठी घेऊन.

आई-बाबांजवळ हवं तितकं राहता यावं म्हणून मी अमेरिकेची नागरिक झाले. माझ्या ओळखीत असं करणाऱ्या अनेक जणी आहेत. भारतात मोकळेपणाने राहता यावं यासाठी भारतीयत्वाचा कागद परत करायचा. हे वाक्य बाबांना फोनवर सांगताना माझी जीभ अडखळली होती.

२०१७ च्या उन्हाळ्यात शपथविधी झाला. दाराशी एका टेबलावर ग्रीन कार्ड काढून घेतात. पाच वर्षं जिवापाड सांभाळलेलं कार्ड, सतत जवळ बाळगलंच पाहिजे असा कायदाच आहे, आणि त्या बाईंनी ते एका खोक्यात टाकलं, तिथे तशी शंभरेक कार्डं होती. हातात छोटा झेंडा दिला. मग सगळ्यांनी उजवा हात वर करून शपथ म्हटली. परकीय राजा, सत्ताधीश, राज्य यांच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडून देते, असं तिचं पहिलंच वाक्य आहे. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या, त्या ते वाक्य म्हणताना रडत होत्या. आनंदाने की कशाने, मी विचारलं नाही. माझेही डोळे कोरडे नव्हते.

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. त्यासाठी कुणाची सही लागत नाही. शपथेचा शेवटचा शब्द उच्चारला तेव्हाच ते संपलं. पुढचं सरेंडर सर्टिफिकेट ही नुसती नोंद. पासपोर्ट पोस्टाने परत आला, कोपरा कापलेला, आतल्या पानावर रद्दचा शिक्का. फोटोतली मी सत्तावीस वर्षांची आहे.

पुढे ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', हे कार्ड काढलं. नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नाही. आजन्म व्हिसा आहे, कितीही दिवस राहता येतं, बहुतेक व्यवहार करता येतात. शेतजमीन विकत घेता येत नाही, संशोधन किंवा पत्रकारितेसाठी वेगळी परवानगी लागते, निवडणूक लढवता येत नाही, आणि मत देता येत नाही. बाबा शेवटच्या मुद्द्यावर थांबले. "म्हणजे आता आपण बरोबर जायचं नाही," म्हणाले. १९९९ साली माझं पहिलं मतदान त्यांच्याबरोबर झालं होतं, माझ्याच शाळेच्या वर्गात. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली आणि स्वतःचं बोट शेजारी धरलं. ग्रीन कार्डाच्या काळात मला भारतात मत देता आलं असतं, २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशातल्या भारतीय नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवून प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन मत देता येतं. मी नोंदवलं नाही. ते माझंच चुकलं.

ओसीआयवर भारतात गेले त्या खेपेला बाबांच्या कपाटातलं भारताचं संविधान, मराठी प्रत, मी पहिल्यांदा नीट वाचलं. शाळेत नागरिकशास्त्रात हक्क पाठ केले होते, पण ते कुणाचे आहेत हा शब्द तेव्हा नजरेतून निसटला होता. एकोणिसावं कलम, म्हणजे बोलण्याचं, जमण्याचं, देशात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य, ते नागरिकांना आहे. सरकारी नोकरीत समान संधी नागरिकांना. पण कायद्यापुढे समानता देणारं चौदावं आणि जीविताचं, व्यक्तिगत स्वातंत्र्याचं एकविसावं, ही दोन्ही 'व्यक्ती'ला आहेत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत हेच स्पष्ट केलं. नागरिकत्वाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य आहे. मी त्या पानावर बराच वेळ थांबले. माझ्या हातून काय गेलं आणि काय राहिलं, याची सीमारेषा त्या दोन शब्दांच्या मधून जात होती.

अमेरिकेच्या घटनेतही तसंच आहे. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लाँड्री चालवणाऱ्या यिक वो या चिनी माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चौदाव्या दुरुस्तीतलं समान संरक्षण केवळ नागरिकांपुरतं नाही, ते 'व्यक्ती'ला आहे. १९८२ मध्ये टेक्सासमधल्या, ज्यांच्याकडे कसलेही कागद नाहीत अशा मुलांना त्याच शब्दाने शाळेचं दार उघडून दिलं, पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे २००६ साली मी वाचनालयात बसून अर्ज भरत होते तेव्हा माझ्या बाजूने हे सगळं उभं होतं. मला हक्क होता. तो बजावल्यावर उद्या काय होईल याची खात्री नव्हती. माझ्या मते स्टेटस या शब्दाचा खरा अर्थ एवढाच आहे: आपल्याला जे आहे ते मागताना घसा किती कोरडा पडतो.

आणि नागरिकत्वाने तो कायमचा ओला होतो असंही नाही. सखाराम गणेश पंडित हे नाव मी या देशात पंधरा वर्षं राहिल्यावर वाचलं. १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये ते अमेरिकन नागरिक झाले, मग वकील झाले, घर घेतलं, एका अमेरिकन बाईंशी लग्न केलं. त्या काळी नागरिक व्हायला 'गोरा' असणं ही कायद्याची अट होती (किंवा आफ्रिकी वंशाचा), आणि कोर्टाने त्यांना त्यात बसवलं होतं. १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल लागला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाहीत. आणि सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं रद्द करायला घेतली. सॅन फ्रान्सिस्कोतले व्यापारी वैष्णोदास बगई यांचं गेलं, त्यापाठोपाठ दुकान आणि घर गेलं. भारतात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्ट मिळेना, ब्रिटिश पासपोर्ट काढा असं सांगितलं गेलं. ज्या सत्तेला नाकारून ते आले होते तिचाच. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे वर्तमानपत्रासाठी पत्र ठेवलं होतं.

पंडित लढले. स्वतः वकील होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या कागदाच्या भरवशावर मी जन्म उभा केला. तो काढून घेतलात तर माझी वकिली जाते, घर धोक्यात येतं, आणि माझ्या बायकोचंही नागरिकत्व जातं, कारण नागरिक होण्यास अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व तेव्हाच्या कायद्याने जात असे. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: जे प्रकरण एकदा कोर्टाने ठरवलं आणि सरकारने तेव्हा अपील केलं नाही, ते आता उकरता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी सरकारचं म्हणणं ऐकायला घेतलं नाही, आणि बाकीच्यांवरचे खटले थंडावले. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता कायद्याने उघडला तो १९४६ मध्ये. आज आपण शपथ घेऊन झेंडा हलवतो त्यामागे हा माणूस आहे. आपल्यातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? मला नव्हतं, याचं वाईट वाटतं.

नागरिक झाल्यावर दोन वर्षांनी मला ज्यूरीचं बोलावणं आलं. मत देणं आणि ज्यूरीत बसणं, नागरिकालाच मिळणाऱ्या या दोन गोष्टी. लोक ज्यूरी टाळायची कारणं शोधतात, मी रजा टाकून गेले आणि निवडली गेले. दिवाणी दावा होता. बांधकामावर काम केलेल्या एका माणसाने सात महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे मागितले होते. पन्नाशीचा असेल. दुभाषी बाई त्याच्या कानाशी हळू आवाजात बोलत होत्या, आणि प्रत्येक उत्तराआधी तो त्यांच्याकडे बघून मान हलवत होता.

उलटतपासणीत मालकाच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही या देशात कधी आणि कसे आलात?"

त्या कामगाराचे वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी दोघांना जवळ बोलावलं, काहीतरी बोलणं झालं, आणि मग ते आमच्याकडे वळून म्हणाले की हा प्रश्न तुम्ही ऐकलाच नाही असं समजा, त्याचा या दाव्याशी संबंध नाही. दुभाषी बाईंनी हे त्या माणसाला सांगितलं. त्याने टेबलाची कड पकडली होती, ती सोडायला थोडा वेळ गेला. त्याचं स्टेटस काय ते मला आजही माहीत नाही. पण तो हात मी ओळखला.

त्याच्याकडे एक वही होती, स्पायरलची, दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते तसली. ती पुरावा म्हणून आमच्या हातात फिरली. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पेन्सिलीने. पावसात भिजून काही पानं फुगली होती, त्यावरचे आकडे त्याने नंतर पेनाने गिरवलेले. सात महिन्यांत एकही दिवस चुकलेला नव्हता. चर्चेच्या खोलीत आम्ही ते आकडे पुन्हा बेरजेला घेतले, मी मोठ्याने वाचत होते आणि माझ्या समोरचे निवृत्त शिक्षक कागदावर मांडत होते. बेरीज त्याने मागितलेल्या रकमेशी जुळली. निकाल त्याच्या बाजूने दिला.

त्या रात्री मी जुनी फाइल काढली. लग्नाच्या दाखल्यामागे तो अर्ज अजून होता, सही केलेला, तारखेची जागा कोरी.